जळगावातील एक कान-नाक-घसा दवाखाना : सेवेविषयी अभिप्राय

घसा धरला की आपल्याकडे बहुतेक जण आधी मेडिकलमध्ये जातात आणि अँटिबायोटिकच्या दोन-तीन सुट्या गोळ्या घेऊन घरी परततात. जळगावातील ज्या दवाखान्याविषयी येथे लिहीत आहे (नाव मुद्दाम देत नाही), त्याचे मोल या सवयीच्या पार्श्वभूमीवर लक्षात येते, कारण तेथे औषध लिहिण्याआधी आजार ओळखण्यावर वेळ खर्च केला जातो.

आमच्या शाळकरी मुलाला ताप आला आणि त्याला गिळवेना, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न खोकल्याविषयी होता. सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज असेल तर आजार बहुधा विषाणूंचा असतो आणि तो आठवडाभरात आपोआप ओसरतो; उलट खोकला नसताना ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेच्या पुढच्या भागात दुखऱ्या गाठी असतील तर स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संशय बळावतो, असे त्यांनी समजावून सांगितले. मुलांच्या घसादुखीत या जिवाणूचा वाटा साधारण 20 ते 30 टक्के असतो, मोठ्यांमध्ये तो त्याहून बराच कमी. घशातील स्रावाचा नमुना तपासणीला गेला आणि जिवाणू सापडल्यावरच अमॉक्सिसिलिन सुरू झाले, तेही पूर्ण 10 दिवसांसाठी. ताप उतरताच औषध थांबवण्याचा मोह प्रत्येक घरात होतो. परंतु अर्धवट उपचारानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात, हे त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावले. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, हेही सांगितले. केळ्याने घसा धरतो का, या आमच्या प्रश्नावर ते हसले. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहून आजारी मुलाला हे मऊ, सहज गिळता येणारे फळ नाकारण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

वडिलांची तक्रार वेगळी होती. त्यांचा आवाज महिनाभर घोगरा होता आणि घरगुती उपाय चालूच होते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे, आणि तंबाखू खाणाऱ्याने किंवा विडी ओढणाऱ्याने तर त्यात मुळीच चालढकल करू नये, असे सांगून डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर आम्हालाही स्वरतंतू दाखवले. गाठ नव्हती, पोटातील आम्ल वर येऊन सूज आली होती. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवा आणि तिखट-तेलकट कमी करा, हा सल्ला योग्यच होता. भरिताच्या हंगामात, शेतातल्या रात्रीच्या पंगतीत तो पाळणे किती अवघड आहे हे मात्र खानदेशी माणसालाच ठाऊक.

शस्त्रक्रियेची घाई नसणे ही या दवाखान्याची आणखी एक जमेची बाजू आहे. वर्षभरात 7 वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी 5 वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी 3 वेळा टॉन्सिलचा नीट नोंदवलेला त्रास झाला असेल, तरच टॉन्सिल काढण्याचा विचार करावा, हा प्रचलित निकष तेथे पाळला जातो. त्यामुळे जुने केसपेपर सोबत न्यावेत.

उणिवाही आहेत. नंबर लावूनही बराच वेळ ताटकळावे लागते, नमुन्याचा अहवाल येण्यास दोन दिवस जातात आणि दुर्बिणीच्या तपासणीचे शुल्क आधी सांगितले जात नाही. माझा मोठा आक्षेप निराळा आहे. प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर औषध कंपन्यांची चित्रे आहेत, पण कोणत्या रुग्णाने तेथे थांबूच नये हे कोठेही लिहिलेले नाही. लाळ गळणे, श्वास घेताना घरघर होणे, तोंड उघडता न येणे, एका बाजूला असह्य दुखून आवाज जड होणे किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसणे, यांपैकी काहीही असल्यास रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. असा पापुद्रा घटसर्पाचे (डिप्थेरियाचे) लक्षण असू शकतो, आणि हा आजार लसीमुळे आटोक्यात असला तरी संपलेला नाही.

साध्या खवखवीसाठी चोपडा किंवा चाळीसगावहून येथवर येण्याची गरज नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि विश्रांती पुरते. वारंवार होणारी घसादुखी किंवा न सुटणारा घोगरेपणा असेल, तर मात्र सकाळच्या वेळी यावे, कारण संध्याकाळची गर्दी आवरत नाही.