निवृत्ती स्पेनमध्ये की पुण्यात? ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी कागदपत्रांच्या बाजूने तुलना

मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, आता हिवाळा सोसत नाही. इंग्लंडमध्ये तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या मराठी जोडप्यांच्या घरी या टप्प्यावर दोन नावं निघतात. एक म्हणजे स्पेनचा किनारा, जिथे ब्रिटिश पेन्शनर कित्येक दशकं जात आलेत: आलिकान्ते, तोरेव्हिएखा, फुएन्खिरोला. दुसरं पुणे. बोलणं होतं ते ऊन, महागाई आणि नातेवाइकांबद्दल. ओळखीतल्या ज्येष्ठांचे अर्ज भरायला मी मदत करते, आणि त्यातून माझं मत पक्कं झालंय की आधी चार प्रश्नांची उत्तरं शोधावीत. पेन्शन कुठे वाढते? दवाखान्याचं बिल कोण भरतं? राहण्याचा हक्क किती काळाचा? आणि उद्या आपल्याला सही करता आली नाही, तर आपल्या वतीने ती कोण करणार?

पेन्शन

ब्रिटनची सरकारी पेन्शन, म्हणजे हप्ते भरलेल्या सगळ्यांना मिळणारी 'स्टेट पेन्शन', जगात कुठेही मिळते. दर एप्रिलला होणारी वाढ मात्र सगळीकडे मिळत नाही. युरोपीय संघातले देश, स्वित्झर्लंड, अमेरिका, फिलिपिन्स, जमैका इथे ती मिळते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे मिळत नाही. तिथे राहायला गेलात की त्या दिवशीच्या आकड्यावर पेन्शन गोठते.

हे किती महाग पडतं ते बघा. एप्रिल २०१६ मध्ये नवी पेन्शन योजना आली तेव्हा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. तेव्हा पेन्शन सुरू करून पुण्याला गेलेल्या माणसाच्या खात्यात आजही १५५.६५ च जमा होतात. त्याच्याच बरोबर निवृत्त होऊन स्पेनला गेलेल्याला २०२५-२६ मध्ये २३०.२५ मिळाले. वर्षाचा फरक ३,८८० पौंडांच्या घरात, आणि तो दरवर्षी रुंदावत जाणार. पौंड वधारल्याने थोडी भरपाई होते, पण पुण्यातली महागाई ती खाऊन टाकते.

हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते. हप्ते सगळ्यांनी सारखेच भरले. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी याविरुद्ध दीर्घ लढा दिला, पण २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. तेव्हा नियम बदलेल या आशेवर हिशोब मांडू नका.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ब्रिटनला कायमचं परत आलात तर पेन्शन त्या वेळच्या पूर्ण दराने मिळते. आणि गोठते ती जाण्याच्या वेळच्या दरावर. त्यामुळे सहासष्टाव्या वर्षी पुण्याला जाणाऱ्यापेक्षा बहात्तराव्या वर्षी जाणारा आयुष्यभर मोठ्या आकड्यावर राहतो.

हयातीचा दाखला दोन्हीकडे द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय पेन्शन केंद्राकडून तो अधूनमधून टपालाने येतो, साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा असतो, आणि वेळेत पोचला नाही तर पेन्शन थांबू शकते. घर बदललं की सगळ्यात आधी या केंद्राला कळवा. सोसायटीच्या लेटरबॉक्समध्ये लग्नपत्रिका आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात हे पाकीट हरवणं फार सोपं आहे.

राहण्याचा हक्क

इथे पारडं उलट फिरतं.

ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटिश माणूस स्पेनमध्ये परका झाला. व्हिसाशिवाय कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, बस. कायम राहायचं तर निवृत्तांसाठी जो व्हिसा आहे त्यात नोकरी-धंदा करता येत नाही आणि उत्पन्न दाखवावं लागतं: सध्या एकट्याला वर्षाला २८,८०० युरो, जोडीदारासाठी आणखी ७,२००. म्हणजे जोडप्याला ३६,०००. दोघांची पूर्ण सरकारी पेन्शन धरली तरी साधारण २८ हजार युरोच होतात, तेव्हा कंपनीची पेन्शन किंवा भक्कम बचत हवीच. घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला; अजूनही त्याच्या नावाने घरं विकणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा.

अर्जासोबत पोलिसांचा चारित्र्य दाखला, त्यावर अपोस्टील (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का), डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आरोग्य विम्याचा पुरावा, आणि या सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. तिकडे पोचल्यावर एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज. गावच्या नगरपालिकेत रहिवासी नोंद. प्रत्येक खिडकीसाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते आणि वेळ मिळणं हीच खरी अडचण असते. म्हणूनच तिथे 'खेस्तोर' नावाचा व्यवसाय आहे: फी घेऊन सरकारी कामं करून देणारा अधिकृत माणूस. सत्तरीच्या माणसाने तो पैसा वाचवू नये. व्हिसा पहिल्या वर्षानंतर नव्याने वाढवून घ्यावा लागतो, आणि सलग ५ वर्षं झाली की दीर्घकालीन वास्तव्य मिळतं.

त्यात आपल्या लोकांसाठी एक खाच आहे. या ५ वर्षांत एकूण १० महिन्यांपेक्षा जास्त स्पेनबाहेर राहिलात तर ते 'सलग' धरत नाहीत. दर हिवाळ्यात तीन महिने पुण्याला जायची सवय असेल तर हा हिशोब चुकलाच म्हणून समजा.

पुण्याच्या बाजूला ओसीआय, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड. एकदा मिळालं की आयुष्यभराचा व्हिसा. उत्पन्नाची अट नाही, कितीही राहा, परदेशी नोंदणी कार्यालयात जायची गरज नाही. जुना भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते राहून गेलं असेल तर आजच कामाला लागा. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट काढलात की तो आणि फोटो एकदा ऑनलाइन चढवायचा. मतदान करता येत नाही. शेतजमीन, फार्महाउस विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते. त्यामुळे गावाकडच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव अजून लागलं नसेल, तर भावंडं हयात असताना आणि बोलणं चांगलं असताना फेरफार करून घ्या. पुढच्या पिढीत हेच काम कोर्टात जातं.

जोडीदार मूळचा ब्रिटिश असेल तर नोंदणीकृत लग्नाला २ वर्षं झाल्यावर त्यालाही ओसीआय मिळू शकतं. भारताशी कुठलंच नातं नसलेल्या ब्रिटिश माणसाला मात्र भारतात निवृत्त व्हायची सोय नाही; तसा व्हिसाच नाही. गोव्यात दर हिवाळ्यात दिसणारे साहेब-मडम बहुतेक पर्यटक व्हिसावर असतात, आणि त्यावर एका वेळी १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

आजारपण

ब्रिटनची सरकारी पेन्शन घेणारा युरोपीय संघात राहायला गेला की त्याच्या उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतं. त्यासाठी एस-१ नावाचा फॉर्म मागवून स्पेनच्या सामाजिक सुरक्षा कार्यालयात नोंदवायचा. मग गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर मिळतो, सरकारी रुग्णालय मिळतं. औषधांना पेन्शनरला १० टक्के भरावे लागतात आणि त्यालाही महिन्याची मर्यादा आहे. शिवाय एस-१ धारक इंग्लंडला आला तर एनएचएसचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचारही मोफत. ब्रेक्झिटनंतर गेलेल्यांनाही हे लागू आहे, आणि माझ्या मते स्पेनच्या बाजूने असलेला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

पण एस-१ मध्ये सुश्रूषा येत नाही. अंघोळ घालायला, जेवण भरवायला माणूस लागला तर स्पेनची सरकारी मदत मिळायला तिथे ५ वर्षं कायदेशीर राहिलेलं असावं लागतं, त्यातली २ अर्जाच्या लगेच आधीची.

भारतात एस-१ चालत नाही. आणि पुण्याला कायमचं गेलात की एनएचएसचा हक्कही संपतो, कारण तो पासपोर्टवर नसून नेहमीच्या वास्तव्यावर आहे. भेटीला आलात तर अपघात विभागात तातडीचे उपचार फुकट, पण रुग्णालयात दाखल करून घेतलं की खर्चाच्या दीडपटीने बिल लागू शकतं. तेव्हा भारतीय मेडिक्लेम हवाच. एप्रिल २०२४ पासून पॉलिसी विकत घ्यायला ६५ ची वयोमर्यादा राहिलेली नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. मधुमेह, रक्तदाब असलेल्याला ही तीन वर्षं खिशातून भरायची तयारी ठेवावी लागते.

सुश्रूषेत मात्र पुणे पुढे आहे. ब्युरोतून दिवसपाळीची, रात्रपाळीची बाई मिळते, डॉक्टर घरी येतात, रक्त तपासायला माणूस घरी येतो, आणि आजारी माणसाला आपल्या भाषेत दुखणं सांगता येतं. ऐंशीनंतर स्पॅनिश विसरलेला, कधीकधी इंग्रजीही विसरून मराठीत बोलू लागलेला माणूस आलिकान्तेच्या वॉर्डात किती एकटा पडेल याचा विचार करा.

कर

थोडक्यात सांगते, कारण इथे प्रत्येकाने सल्लागार गाठायलाच हवा. निघताना ब्रिटनच्या कर खात्याला पी-८५ फॉर्मने कळवायचं. घर भाड्याने दिलं असेल तर त्याची वेगळी नोंदणी, नाहीतर भाड्यातून २० टक्के कापले जातात. सरकारी आणि खासगी पेन्शनवर कर त्या देशात, जिथे तुम्ही रहिवासी. शिक्षक, पोलीस, सैन्य, कौन्सिल (स्थानिक पालिका) यांच्या नोकरीच्या पेन्शनवर सहसा ब्रिटनमध्येच. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेलं आयसा हे बचत-गुंतवणुकीचं खातं स्पेनमध्येही करपात्र, भारतातही. पेन्शन फंडातली करमुक्त २५ टक्के रक्कम काढायची असेल तर स्पेनचे कर-रहिवासी होण्याआधीच काढा.

परदेशी मालमत्ता दोन्ही देशांत जाहीर करावी लागते. स्पेनमध्ये एखाद्या प्रकारची मालमत्ता ५०,००० युरोंच्या वर गेली की मार्चअखेर ७२० क्रमांकाचा फॉर्म. भारतात विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट. भारताची एक सवलत मोठी आहे: दीर्घ काळ बाहेर राहून परतलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर सहसा कर लागत नाही.

सही

हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी तो मुद्दाम काढते. स्मृतिभ्रंश झाला, पक्षाघात झाला, तर बँक कोण चालवणार?

इंग्लंडमध्ये त्यासाठी 'लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी' असते. माणसाची समज गेली तरी ती चालू राहते. तिचा उद्देशच तो. स्पेनमध्ये नोटरीसमोर असंच, समज गेल्यानंतरही टिकणारं अधिकारपत्र करता येतं. इंग्लंडचं अधिकारपत्र तिथल्या बँकेत अपोस्टील आणि भाषांतराशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून तिकडचं वेगळं करून ठेवणंच शहाणपणाचं.

भारतात कुलमुखत्यारपत्र असतं आणि बहुतेकांना वाटतं की ते केलं म्हणजे झालं. पण भारतीय करार कायद्याप्रमाणे, ते देणाऱ्याची समज गेली की कुलमुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निरुपयोगी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. यावर उपाय म्हणजे सगळं आधीच संयुक्त नावावर ठेवणं: बँक खाती 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीची, फ्लॅट दोघांच्या नावे, सोसायटीच्या दप्तरी नॉमिनेशन. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्रही हवं. मुलगा लंडनहून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असेल तर ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

मृत्युपत्राबाबत स्पेनची एक गोष्ट ठाऊक हवी. तिथल्या कायद्यात मुलांचा ठरावीक हिस्सा राखीव असतो, जोडीदाराला सगळं देता येत नाही. पण ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमाने, मृत्युपत्रात तसं स्पष्ट लिहिलं तर आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. हे एक वाक्य लिहायला विसरू नका.

मग कुठे?

दोघं धडधाकट, पासष्टीच्या आसपास, उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी पेन्शनचा, आणि नवी भाषा शिकायची खरी इच्छा असेल, तर स्पेन. मात्र पुण्याच्या वार्षिक मुक्कामावर पाणी सोडावं लागेल. कंपनीची चांगली पेन्शन, पुण्यात स्वतःचं घर आणि हाकेला धावून येणारी माणसं असतील, तर गोठलेल्या पेन्शनचा तोटा सोसूनही पुणे.

मी मात्र विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा तिसरा रस्ता सुचवते: पहिली आठ-दहा वर्षं ब्रिटनचं घर ठेवून हिवाळा पुण्यात. वास्तव्य ब्रिटनचंच राहिलं तर पेन्शन वाढत राहते आणि एनएचएसही टिकतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर जाणार असाल तर जीपीच्या, म्हणजे एनएचएसच्या फॅमिली डॉक्टरच्या, यादीतून नाव निघू शकतं, परतल्यावर पुन्हा नोंदवायचं. भारतात वर्षाला १८२ दिवसांच्या आत राहिलात तर सहसा कर-रहिवासी होत नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र १२० दिवसांची मर्यादा सांभाळा. आणि पुण्याचा मेडिक्लेम याच काळात सुरू करा, म्हणजे कायमचं जायची वेळ येईल तेव्हा त्याचे ३६ महिने उलटून गेलेले असतील.