घायपाताच्या वाखाचा डार्टबोर्ड आणि गोव्याची दमट हवा

बार्देश तालुक्यातील आमच्या हौशी डार्ट लीगने आजवर जे बोर्ड वापरले, त्यांत सध्याचा सिसलचा, म्हणजे घायपाताच्या वाखाचा, बोर्ड सर्वांत महाग आहे आणि, काही अटी पाळल्या तर, सर्वांत परवडणाराही आहे. त्याचे मूल्यमापन करताना लीगचा इतिहास सांगावा लागतो, कारण बोर्ड बदलला तसा आमचा खेळही प्रत्येक वेळी बदलत गेला.

हा खेळ आमच्याकडे आणला तो सुट्टीवर येणाऱ्या तारवट्यांनी (जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी) आणि विलायतेत, विशेषतः स्विंडन शहरात, स्थायिक झालेल्या गोंयकारांनी. तावेर्नातील (गावच्या दारूच्या गुत्त्यातील) कॅरमच्या टेबलाशेजारी पहिला बोर्ड लागला तो गुंडाळलेल्या कागदाचा. त्यात डार्ट धड रुतत नसत, एकदा पडलेले भोक बुजत नसे, आणि वीस गुणांच्या पाचरीची, म्हणजे बोर्डावरील त्या निमुळत्या भागाची, काही आठवड्यांत चाळण होई. साहजिकच कोणी बारीक नेम धरण्याच्या फंदात पडत नसे. मधोमध फेकावे आणि जे गुण मिळतील ते फळ्यावर मांडावेत, अशी रीत होती. पुढे प्लास्टिकच्या टोकांचे डार्ट वापरायचा विजेचा बोर्ड आला. तो गुण स्वतःच मोजत असल्यामुळे वजाबाकीवरून होणारी भांडणे थांबली, परंतु ऐन रंगात आलेला सामना वीज जाताच जागच्या जागी थांबे आणि पडद्यावरील गुण पुसले जात. टाळेबंदीनंतर खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सर्व संघांनी वर्गणी काढून सिसलचा बोर्ड घेतला.

सिसल म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या घायपाताच्या जातीच्या वनस्पतीचा वाख. त्याचे तंतू उभे दाबून बसवलेले असतात. डार्टचे टोक त्यांच्या मधून शिरते आणि काढल्यावर तंतू पुन्हा जुळून येतात. बोर्डाचा व्यास सुमारे ४५१ मिलिमीटर असून डबल (दुप्पट गुणांचे) आणि ट्रेबल (तिप्पट गुणांचे) या कड्यांची रुंदी अवघी ८ मिलिमीटर असते. आमच्या बोर्डावरील विभाजक पट्ट्या पातळ आहेत आणि बुलभोवती (अगदी मधल्या वर्तुळाभोवती) खिळपिना नाहीत, त्यामुळे तारेवर आपटून परतणारे डार्ट फारच कमी झाले. याचा परिणाम खेळावर लगेच दिसला. ट्रेबल वीसवर नेम धरणे आता फायद्याचे ठरते, आणि ५०१ मधून मिळालेले गुण वजा करत शून्यावर यायचे आणि डबलवर डाव संपवायचा हा नियम, जो पूर्वी आम्ही सोयीस्करपणे विसरत होतो, तो आता सर्वांना मान्य आहे.

इंग्लंडमध्ये पूर्वी एल्म झाडाच्या लाकडाचे बोर्ड असत आणि ते तडकू नयेत म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून ठेवावे लागत. सिसलचे बोर्ड १९३० च्या दशकात आले आणि ही दगदग संपली. या बोर्डाला पाणी अजिबात लावायचे नसते. गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर हे काम हवाच करते. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या बोर्डाचा मधला भाग फुगून वर आला आणि पट्ट्या त्यात बुडाल्यासारख्या दिसू लागल्या. सोबतच्या माहितीपत्रकात बोर्ड फिरवण्याची सूचना होती, दमटपणाविषयी एक अक्षरही नव्हते. पावसाची झड बसणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवरून बोर्ड काढून तो आम्ही आतल्या भिंतीवर, मागे प्लायवूड लावून टांगला. तेव्हापासून फुगवटा वाढलेला नाही, पण जो आला तो पूर्णपणे बसलाही नाही. उन्हात वाळवण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नये.

आकड्यांचे कडे सुटे असते ही सोय वाखाणण्यासारखी आहे. बोर्ड वेळोवेळी दोन-दोन पाचरी फिरवला की वीसचा आकडा पुन्हा काळ्याच पाचरीवर येतो आणि झीज सगळीकडे विभागली जाते. हेच कडे खाऱ्या वाऱ्याने गंजले, हा दुसरा दोष. भिंतीवर बसवण्याचा कंसही हलका आहे. गिलावा भुसभुशीत असेल तर वेगळे बोल्ट घ्यावेत.

बुलचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर आणि फेकण्याची रेषा बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागापासून २.३७ मीटर अंतरावर असावी, असा नियम आहे. नवा बोर्ड लावताना आम्ही प्रथमच टेपने मोजले आणि जुनी रेषा बरीच पुढे असल्याचे उघड झाले. ती कोणाच्या तरी पावलांनी मोजलेली होती! त्यामुळे लीगच्या जुन्या वहीतील विक्रमांची आजच्या गुणांशी तुलना करता येत नाही, हे काही ज्येष्ठ खेळाडूंना अजूनही पटलेले नाही.

आठवड्यातून अनेक संध्याकाळी खेळणाऱ्या मंडळाने हा बोर्ड जरूर घ्यावा. लहान मुलांच्या करमणुकीसाठी त्यावर खर्च करू नये. पोलादी टोकांचे डार्ट त्यांच्या हाती देणे योग्यही नाही. खरेदी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) गडबडीत न करता दसऱ्यानंतर करावी, म्हणजे भिंती सुकलेल्या असतात आणि पुढच्या पावसापर्यंत बोर्डाला कोरडे महिने मिळतात.