पट्टी तशीच, ड्रमही तोच

जुन्या व्हीएचएस कॅसेटी बघायला बऱ्याच वर्षांनी व्हीसीआर काढला, नव्या सपाट टीव्हीला जोडला. चित्र आलं, आवाजही स्वच्छ. पण वरचा भाग एका बाजूला वाकलेला, माणसांची डोकी तिरकी, आणि अगदी तळाला रेघांची बारीक फडफडणारी पट्टी.

दुरुस्तीवाल्याने जेमतेम पाच सेकंद बघितलं. "हेड गेलंय. ती खालची पट्टी दिसतेय ना? तीच खूण. पूर्ण ड्रम बदलावा लागेल." हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, आणि ड्रम म्हणजे ते ज्यावर बसवलेले असतात तो फिरता गोल. व्हीसीआरचं उत्पादन 2016 मध्येच थांबलंय, सुटे भाग मिळत नाहीत, माझ्याकडे नेमका एक शिल्लक आहे, असंही ऐकवलं. त्यातली 2016 ची गोष्ट खरी होती. म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

पैसे दिले. आठवड्याने मशीन घरी आलं. चित्र थोडं उजळ वाटलं, पण पट्टी तिथेच आणि डोकी तशीच तिरकी. फोन केला तर म्हणाला, "मग तुमची टेपच खराब." म्हणजे टेप धुण्याचे पैसे वेगळे!

तिथे मात्र माझं डोकं ठिकाणावर आलं. मशीन देण्याआधी झाकण उघडून मी सहज फोटो काढला होता. त्यात ड्रमच्या वरच्या बाजूला एक ओरखडा होता. पुन्हा झाकण काढलं. तोच ओरखडा, त्याच जागी. अल्कोहोलने हेड पुसून दिलं होतं, बस्स.

मग वाचायला बसलो, आणि जास्त राग स्वतःचाच आला. ड्रमवर समोरासमोर दोन हेड असतात. ड्रम गरगर फिरतो, पाल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत मिनिटाला 1500 फेरे, आणि दोन्ही हेड आळीपाळीने टेपवर तिरक्या पट्ट्या वाचतात. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना जो सांधा पडतो, तो चित्राच्या तळाशी येतो. तीच ही खालची फडफडणारी पट्टी, आणि ती धडधाकट व्हीसीआरमध्येही असते. जुने काचेच्या नळीचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीबाहेर ढकलायचे, म्हणून ती कधी दिसली नाही. नवा टीव्ही बहुधा सगळंच दाखवतो. म्हणजे मी जो दोष दुरुस्त करून घेतला, तो दोषच नव्हता.

वरचं वाकणं हे टेपच्या ताणाचं आणि वेळेच्या चुकीचं दुखणं. टेप ताणली गेली किंवा मशीनमधला ताण बिघडला की रेघा थोड्या पुढेमागे सुरू होतात. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, नव्याला जमेलच असं नाही. ड्रम खरोखर बदलला असता तरी ते गेलं नसतं. त्यासाठी व्हीसीआर आणि टीव्हीच्या मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे रेघांची वेळ जुळवून देणारं उपकरण, जोडावा लागतो.

हेड खरंच मळलं किंवा झिजलं तर बहुतेक सगळ्या पडद्यावर मुंग्या येतात. मधोमध आडवा पट्टा आला आणि ट्रॅकिंगचं (हेड टेपवरच्या पट्ट्यांवर नेमकं आणण्याचं) बटण फिरवल्यावर तो वरखाली सरकला, तर हेडवर आळ घेण्याआधी ट्रॅकिंगच नीट लावून बघा. आणि दुसरी एखादी कॅसेट घालून बघायला तर काहीच लागत नाही. मी तेवढंही केलं नव्हतं.

फोटो दाखवल्यावर तो म्हणाला, "सगळ्या ड्रमवर ओरखडे असतात." पैसे परत मिळाले नाहीत. "जुना ड्रम मला द्या" असं आधीच सांगितलं असतं, तर तिथेच अडला असता.