जुन्या ट्रॉलीला नवे चॅनल

जुन्या बाजारातून सात ड्रॉवरची टूल ट्रॉली उचलली. पत्रा ठणठणीत, पण पान्यांचा ड्रॉवर ओढला की खर्र करून तिरका व्हायचा. खोलून पाहिलं तर चॅनलची, म्हणजे ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांची, छर्रे धरणारी जाळी वाकलेली, निम्मे छर्रे गायब. वरच्या ड्रॉवरचं रॉकेलने धुऊन, ग्रीस लावून भागलं. खालच्या दोघांना नवेच लागले.

रविवार पेठेतल्या हार्डवेअरवाल्याकडून 18 इंची टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारे) चॅनल आणले, 45 मिमी रुंदीचे. "वजन किती टाकणार?" असं त्याने आधीच विचारलं, हे आवडलं. खरी कटकट जाडीची. या चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते, म्हणजे 12.7 मिमी. माझ्याकडे एका बाजूला 14 निघाली. वॉशर घालून भरली. जुने रिव्हेट ग्राइंडरने उडवले. स्क्रू मात्र चपट्या डोक्याचेच घ्या. उंच डोकं आतल्या पट्टीला अडतं. तेवढ्यापायी माझा तासभर गेला.

आता सॉकेट सेटने भरलेला ड्रॉवर एका बोटाने सरकतो. तक्रार एकच: सोबतचे स्क्रू लाकडाचे, पत्र्याला काय कामाचे? आणि हो, गॅरेजच्या उतारावर ड्रॉवर आपोआप उघडतो. सध्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलाय.