माशांची पंगत: घरी मांडावी की खानावळीत?

आमचा सहा जणांचा मासेखाऊ कंपू आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी एकत्र जेवायचं, एवढाच नियम. (संकष्टी रविवारी आली तर एक जण गळतो, म्हणून बेत पुढे जातो.) पहिली दोन-अडीच वर्षं दादर, माहीम, परळच्या मालवणी खानावळी पालथ्या घातल्या. गेलं वर्षभर आळीपाळीने एकेकाच्या घरी रांधतोय. ऑफिसातल्या एका मित्राला असाच कंपू जमवायचाय, त्याने विचारलं, घरी की बाहेर? त्याला चहाच्या टपरीवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर.

आधी खानावळीचं देणं देऊन टाकतो. बोंबलाच्या बाबतीत वाद नको. मी सगळं करून पाहिलंय: मधे चिरून उघडले, पाटावर ठेवून वर वरवंटा दाबला, तासभर पाणी निथळू दिलं. त्यांच्या त्या परातीएवढ्या लोखंडी तव्यावर जे बोंबील काठीसारखे ताठ उभे राहतात, ते माझ्या तव्यावरून ताटात येईपर्यंत मान टाकतात. तिसऱ्यांचंही, म्हणजे शिंपल्यांचंही, तसंच. वाळू जाईपर्यंत धुवा, एकेक विळीवर उघडा, एकशिपी करा, म्हणजे मांस एकाच शिंपीत ठेवा. सहा जणांसाठी हे करायचं तर सकाळचा चहासुद्धा नीट मिळत नाही. गरमागरम वडे आणि घावन्यांचंही श्रेय त्यांनाच. घरी घावने करणारा माणूस शेवटी जेवतो, आणि तोवर कालवणातल्या तुकड्या संपलेल्या असतात.

पैशांचं म्हणाल तर घरी माशांवर होणारा खर्च खानावळीतल्या बिलाच्या निम्म्याच्या आसपास असावा. वही मांडून ठेवलेली नाही, आणि त्यात नारळ, गॅस, दुसऱ्या दिवशीची पाठदुखी धरलेली नाही. खानावळीत पापलेटापुढे आकड्याऐवजी ‘ॲज पर साइझ’ लिहिलेलं असतं, तेव्हा तिथला हिशेबही बिल आल्यावरच कळतो.

चवीत मी कुणालाच कमी म्हणणार नाही. मग अडलं कुठे? खुर्चीच्या मागे.

रविवारी दीड वाजता नावाजलेल्या खानावळीत गेला असाल तर ओळखीचं दृश्य आहे. दारात वही घेऊन एक जण नावं पुकारतो. तुमचा नंबर लागतो, तुम्ही बसता, सोलकढीचा पहिला घोट घेता, आणि लक्षात येतं की पुढच्या नंबरवाले बाहेर थांबलेलेच नाहीत. ते तुमच्या पाठीशी उभे आहेत. एकदा एका गृहस्थांची पिशवी माझ्या खांद्याला टेकलेली होती आणि त्यांची चिमुरडी माझ्या ताटातली तुकडी मोजत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भूक होती, म्हणून जास्तच लाजल्यासारखं झालं. वेटरचा दोष नाही, पण भात कालवेपर्यंत “आणखी काही?” हा प्रश्न तीनदा येतो. चौथ्यांदा तो बडीशेप घेऊनच येतो.

हे मी बरेच महिने सोसलं. गर्दी आहे म्हणजे जेवण चांगलं आहे, अशी समजूतही घालून घेतली. मग एका रविवारी कंपूतल्या एकीने विचारलं, “तू हल्ली प्रत्येक वेळी सुरमईच का मागवतोस?” मी थबकलो. मी मूळचा बांगड्यावाला. लहानपणी कर्ली सोलून खाण्यात घरात माझा पहिला नंबर. पण कर्लीला बारीक, दोन फाट्यांचे काटे, बांगड्याला निवांत बोटं लागतात, आणि मांदेली एकेक करून खायची वस्तू. पाठीशी माणूस उभा असताना ते होत नाही. सुरमईची तुकडी कशी, मधला काटा बाजूला सारला की चार घासांत फस्त. मला पत्ताच न लागता त्या पिशवीवाल्याने माझा मासा बदलला होता. तराजू तिथे कलला.

घरी आल्यावर बांगड्याचं तिखलं परत आलं. आदल्या रात्री मातीच्या भांड्यात करून ठेवायचं. ओलं खोबरं, सुकी मिरची, आमसूल, आणि ठेचून शेवटी टाकलेलं तिरफळ. रात्रभर मुरलेलं तिखलं दुपारी भाकरीबरोबर खाताना कुणी घड्याळ बघत नाही. कर्ली आणली तर तिला सुरीने इतके जवळजवळ चिरे द्यायचे की काटे तुटून तेलात कुरकुरीत व्हावेत. हे काम बाजारात कोळीणमावशींकडूनच करून घ्यावं. त्यांच्या हाताला जे जमतं ते माझ्या सुरीला जमलेलं नाही.

घरचे त्रास आहेतच. वास पडद्यांत बसतो, शेजारचे बोलत नाहीत पण लिफ्टमध्ये नाक मुरडतात. तव्यापाशी उभा राहणारा पंगतीला मुकतो. यावर आमचा तोडगा असा: तळलेलं एकच, तेही एका घाण्यात निघेल एवढं. बाकी सगळं आदल्या दिवशीचं. सोलकढी एकाने घरून आणायची, भाकऱ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. यजमानाने फक्त भात लावायचा. सहापेक्षा जास्त माणसं झाली तर मात्र मी म्हणेन, सरळ बाहेर जा.

१ जूनला मासेमारीबंदी लागली की घर आणखीच बरं वाटतं. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी, सुक्या जवळ्याची किसमूर, भाजलेला सुका बांगडा. हे खानावळीत मिळतही असेल, पण मला मनासारखं क्वचितच मिळालं. फोटोंच्या बाबतीत मात्र हार आहे. खानावळीच्या ताटाचा फोटो टाकला की अंगठ्यांचा पाऊस, तिखल्याचा टाकला तर पुतण्याने विचारलं, “काका, हा चिखल आहे का?”

तुमच्या मंडळींना बोंबील, तिसऱ्या आणि आयतं ताट हवं असेल, तर खानावळच गाठा. फक्त रविवार टाळा, बुधवारी संध्याकाळी जा, तेव्हा पाठ मोकळी असते. आम्हीही दोन-तीन महिन्यांतून एकदा तेवढ्यासाठी जातोच. एरवी घरी बसतो, आणि टेबलाच्या मधोमध काट्यांसाठी एक रिकामी ताटली ठेवतो. गेल्या खेपेला ती दोनदा ओतून आणावी लागली.