बाहेरून घरचं किंवा ऑफिसचं नेटवर्क गाठायचंय: वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, टेलस्केल की झिरोटियर?

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं टॅली घरून उघडायचं, गावच्या घराचा सीसीटीव्ही पुण्यात बसून बघायचा, घरच्या एनएएसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवरच्या) फायली परगावाहून काढायच्या. अशा कामांसाठी व्हीपीएन शोधणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. जाहिरातींमधलं 'आयपी लपवा' छापाचं व्हीपीएन वेगळं, त्याचा इथे संबंध नाही. आपल्याच दोन यंत्रांमध्ये सुरक्षित वाट कशी बांधायची, एवढाच प्रश्न आहे.

बहुतेक तुलना एन्क्रिप्शन आणि वेगापासून सुरू होतात. भारतातल्या घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या कनेक्शनसाठी मी आधी वेगळंच विचारतो: तुम्हाला सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळतो का? राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा. तो १० ने सुरू होत असेल, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे असं, की आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते अपुरे पडतात म्हणून इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं) कितीही बिनचूक केलं तरी बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्याच उपकरणापाशी अडते. ही तपासणी राउटरमध्येच करा. टेलस्केलही आपल्या यंत्रांना त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देतं, त्यामुळे लॅपटॉपवरचा आकडा बघून गोंधळ होतो.

सार्वजनिक आयपी असेल तर वायरगार्ड

माझी पहिली पसंती वायरगार्डला आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीत ते आलं. मूळ कोड साधारण ४ हजार ओळींचा, म्हणजे एखादा जाणकार माणूस तो बसून वाचू शकतो. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कोणतं सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) निवडायचं याचे पर्यायच नाहीत, त्यामुळे चुकीचा पर्याय निवडला जाण्याची भीती नाही. प्रत्येक यंत्राची एक किल्ली, समोरच्याची सार्वजनिक किल्ली, कोणते पत्ते या वाटेने जायचे त्यांची यादी, झाली मांडणी. ओळख न पटलेल्या पाकिटाला (नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हे कळतही नाही.

वायरगार्ड अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. घरचा आयपी बदलता असेल आणि तुम्ही डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या आयपीकडे नेणारं कायमचं) नाव वापरत असाल, तर ते नाव जोडणी सुरू करतानाच एकदा तपासलं जातं. मध्येच आयपी बदलला तर नव्या पत्त्याचा शोध आपोआप घेतला जात नाही, त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लावावी लागते. दुसरी अडचण एमटीयूची, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराची. वायरगार्ड सहसा १४२० बाइट धरून चालतं. पण फायबर कनेक्शन पीपीपीओईवर (यूजरनेम-पासवर्ड देऊन जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर त्या कनेक्शनची स्वतःची कमाल मर्यादा १५०० ऐवजी १४९२ असते, आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या पत्त्यां)वरून जाताना हिशेब १४१२ वर येतो. पिंग व्यवस्थित चालतं पण पानं अर्धवट उघडून लटकतात, असं दिसलं की आधी हा आकडा कमी करून बघा. नॅटमागच्या (राउटरच्या आड खाजगी पत्त्यावर असलेल्या) यंत्रावर २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं पाकीट) ठेवा, नाहीतर काही वेळ शांतता राहिली की राउटर ती वाट विसरतो.

सीजीनॅट असूनही वायरगार्डच हवं असेल तर दोन रस्ते आहेत. काही कंपन्या वेगळे पैसे घेऊन स्थिर आयपी देतात. नाहीतर मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटा सेंटरमधला लहानसा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या आणि घर व लॅपटॉप दोन्ही त्याला जोडा. आयपीव्ही६ हाही मार्ग आहे. जिओसारख्या नेटवर्कवर तो सर्रास मिळतो, पण दोन्ही टोकांना तो हवा आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये त्याला आत येण्याची मुभा द्यावी लागते. फोन आयपीव्ही६ वर आणि बाहेरचं वायफाय फक्त आयपीव्ही४ वर, असं झालं की हा मार्ग तिथेच संपतो.

ओपनव्हीपीएन कशासाठी ठेवायचं

ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे. प्रमाणपत्रं तयार करा, ती सांभाळा, लांबलचक सेटिंग फाइल लिहा, हा व्याप मोठा आहे. वेगही वायरगार्डपेक्षा बहुधा कमीच मिळतो, कारण प्रत्येक पाकीट कर्नलमधून बाहेर काढून पुन्हा आत न्यावं लागतं. २०२३ च्या २.६ आवृत्तीपासून हे काम कर्नलमध्येच करण्याची सोय झाली आहे, ती चालू केली तर फरक चांगला जाणवतो.

तरीही एका बाबतीत वायरगार्ड त्याची जागा घेऊ शकत नाही. पाकिटं पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत: पोच न मागणारी यूडीपी आणि पोच घेऊन हरवलेलं पुन्हा पाठवणारी टीसीपी. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. काही हॉटेलांचं, कॉलेजांचं, कंपन्यांचं वायफाय यूडीपी सरसकट अडवतं. शिवाय वायरगार्डचं पहिलं पाकीट नेहमी १४८ बाइटचं असतं, त्यामुळे तपासणी करणाऱ्या फायरवॉलला ते सहज ओळखू येतं. ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांच्या नेहमीच्या पोर्टवर चालवता येतं. पण ही वाट अडचणीच्या वेळेपुरतीच ठेवा. टीसीपीच्या आत टीसीपी गेलं की एक पाकीट हरवल्यावर दोन्ही थर ते पुन्हा पाठवायला धावतात आणि खराब नेटवर्कवर जोडणी रांगायला लागते.

आयकेईव्ही२ वर चालणारं आयपीसेक, हा व्हीपीएनचा आणखी एक प्रकार, विंडोज, मॅक आणि आयफोनमध्ये आधीपासूनच असतं, अँड्रॉइडमध्ये ११ व्या आवृत्तीपासून आहे. कंपनी ॲप टाकू देत नसेल, किंवा ऑफिसची फायरवॉल पेटी हीच भाषा बोलत असेल, तर तेच घ्या. घरासाठी मुद्दाम मांडण्यात अर्थ नाही. पीपीटीपी हा जुना व्हीपीएन प्रकार अजूनही जुन्या राउटरच्या यादीत दिसतो. त्याची ओळख पटवण्याची पद्धत २०१२ मध्येच फोडून दाखवली गेली, त्याला हात लावू नका.

सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केल

माझ्या मते इथल्या बहुतेक वाचकांचं काम टेलस्केलने होईल. आतली वाट वायरगार्डचीच असते. भर पडते ती दोन्ही यंत्रांची गाठ घालून देणाऱ्या समन्वय सर्व्हरची. दोन्ही बाजू एकाच वेळी बाहेरच्या दिशेने पाकिटं पाठवतात, त्यामुळे दोन्हीकडच्या नॅटना ही जोडणी आपल्याच आतून सुरू झाली असं वाटतं आणि थेट वाट मोकळी होते. ही युक्ती प्रत्येक नॅटपुढे चालत नाही. दर ठिकाणासाठी नवा पोर्ट देणारी नॅट दोन्ही टोकांना असली तर थेट वाट सहसा जुळत नाही. मग डेटा टेलस्केलच्या रिले (मध्ये राहून पुढे पोचवणाऱ्या) सर्व्हरवरून जातो, एन्क्रिप्ट केलेलाच. रिमोट डेस्कटॉपवर टॅली तेव्हाही चालतं, पण मोठ्या फायली फार हळू येतात. 'टेलस्केल स्टेटस' ही आज्ञा दिली की जोडणी थेट आहे की रिलेवरून हे दिसतं.

खाजगी किल्ली तुमच्या यंत्राबाहेर जात नाही. पण नेटवर्कमध्ये कोण आहे ही यादी कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि तुम्ही आत येता ते गूगल किंवा मायक्रोसॉफ्टसारख्या खात्याने. ते खातं दुसऱ्याच्या हाती गेलं तर नेटवर्कही गेलं, म्हणून त्यावर दुहेरी पडताळणी हवीच. ही यादी स्वतःकडे ठेवायची असेल तर हेडस्केल हा मुक्त-स्रोत समन्वय सर्व्हर आहे, पण त्यासाठी पुन्हा सार्वजनिक आयपी लागतो.

दोन गोष्टी आधीच करून ठेवा. यंत्राच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. गावच्या घरातल्या यंत्राची ती बंद केली नाही, तर एक दिवस ते गायब होईल आणि पुन्हा लॉगिन करायला कुणालातरी तिथे जावं लागेल. डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीवर) ॲप टाकता येत नाही. त्याच्या शेजारी एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवून त्याला सबनेट राउटर (घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत नेणारा दुवा) केलं की कॅमेरे दिसू लागतात.

झिरोटियर आणि नेब्युला

झिरोटियर वेगळ्या थरावर काम करतं. ते आभासी इथरनेट उभं करतं, त्यामुळे सगळी यंत्रं एकाच स्विचला जोडल्यासारखी वागतात. लॅनवरचे (एकाच जागेच्या नेटवर्कवरचे) जुने खेळ, किंवा ब्रॉडकास्ट करून (सगळ्या यंत्रांना एकदम हाक देऊन) आपला सर्व्हर शोधणारी जुनी सॉफ्टवेअर टेलस्केलवर अडतात, पण इथे चालतात. तुमचं काम त्यातलं असेल तरच झिरोटियर घ्या.

नेब्युला हे याच प्रकारचं साधन स्लॅक या कंपनीने २०१९ मध्ये मुक्त-स्रोत केलं. प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार पूर्ण तुमच्या हातात राहतो, मात्र 'लाइटहाउस' नावाचा मार्गदर्शक सर्व्हर सार्वजनिक आयपीवर तुम्हालाच चालवावा लागतो. मूळ प्रमाणपत्राची मुदत वेगळी न दिल्यास १ वर्षाची असते, ती संपली की सगळी यंत्रं एकदम तुटतात. पाचपन्नास सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे साधन शोभतं, घरच्या दोन कॅमेऱ्यांसाठी ते जड आहे.

निवडीपूर्वी फोनचाही विचार करा. अँड्रॉइड आणि आयफोनवर सहसा एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. ऑफिसचं व्हीपीएन दिवसभर चालू लागत असेल तर घरचं टेलस्केल त्या वेळी बंद राहील.

कायद्याबद्दलही विचारणा होते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितलं, आणि काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. तो आदेश लोकांना सेवा विकणाऱ्यांसाठी होता. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यात येत नाहीत असा खुलासा सर्ट-इनने केला आहे.

काहीही निवडा, नवी वाट चालू झाली की त्याच दिवशी राउटरवरचं जुनं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणं हा रॅन्समवेअर आत येण्याचा नेहमीचा रस्ता आहे, आणि छोट्या ऑफिसात वर्षभराच्या हिशेबाची एकच प्रत असते. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) हेही बंद करा, कारण काही डीव्हीआर न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतात.