पेनासाठी पितळी नळी : किटमधली, लांब नळीतून कापलेली की लेथवर करून घेतलेली?

नाशिकमध्ये हाताने लाकडी पेन घडवणारा शिसव वापरो की बागेतून काढलेल्या जुन्या द्राक्षवेलीचे वाळवलेले खोड, पितळी नळी कोठून घ्यावी हा प्रश्न त्याला लवकरच पडतो. लाकडाला भोक पाडून त्यात नळी चिकटवली जाते आणि पेनाचे टोक, क्लिपकडील भाग व रिफिल फिरवणारी यंत्रणा हे सारे त्या नळीच्या आत दाबून बसवले जाते. म्हणून ड्रिल बाहेरच्या व्यासाप्रमाणे निवडावे लागते, पण पेन नीट जुळेल की नाही हे आतला व्यास ठरवतो. एकदा मी केवळ '७ मिमी' एवढेच सांगून नळी मागवली; तिची जाडी १ मिमी निघाली, आतला व्यास ५ मिमी भरला आणि एकही सुटा भाग तिच्यात गेला नाही. चूक मागणीतच होती.

किटच्या (म्हणजे पेनाच्या धातूच्या सुट्या भागांच्या तयार संचाच्या) विक्रेत्याकडून सुट्या नळ्या घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. स्लिमलाइन या सडपातळ, फिरवून उघडणाऱ्या पेनासाठी ७ मिमी ड्रिलला जुळणारे, सुमारे ५३ मिमी लांबीचे दोन तुकडे लागतात आणि ते कापूनच मिळतात. प्रत्येक तुकड्यामागे पैसे जास्त पडतात, हे खरे; तरीही ज्याची पहिली वीस-पंचवीस पेने अजून व्हायची आहेत, त्याने हा खर्च खुशाल करावा, कारण भोक वाकडे गेले की लाकूड फुटले हे शिकत असताना नळीच्या मापाचीही शंका मनात असू नये. नळी मात्र ज्याचे किट त्याच्याकडूनच घ्यावी.

पितळ म्हटले की नाशिककराला भांडी बाजार आठवतो, पण भांड्यांचे काम पत्र्याचे असते. पातळ नळीसाठी मुंबईच्या किका स्ट्रीट भागातील धातूबाजारात किंवा पितळी सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या जामनगरात चौकशी करणे अधिक फलदायी ठरते. मागणी करताना बाहेरचा व्यास आणि जाडी दोन्ही लिहून द्यावीत. जाडी गेजमध्ये विचारली गेली, तर ३० गेज म्हणजे सुमारे ०.३१ मिमी आणि २८ गेज म्हणजे सुमारे ०.३८ मिमी हे लक्षात ठेवावे; गेजचा आकडा वाढला की भिंत पातळ होते. जाडीचा परिणाम वजनावरही होतो : ७ मिमी नळीची भिंत ०.३ मिमी असेल तर एका पेनातील दोन तुकडे मिळून साधारण पावणेसहा ग्रॅम भरतात, १ मिमी असेल तर सतरा. एक मीटर नळीतून कापणीची घट धरून अठरा तुकडे, म्हणजे नऊ पेने निघतात. एकाच मापाची पेने सातत्याने करणाऱ्याला माझ्या मते हाच मार्ग परवडतो, पण कापण्याचे कष्ट त्यात धरले पाहिजेत. चाकाचा पाइप कटर नळीची कड आत दाबतो आणि नेमका आतला व्यासच कमी करतो. त्याऐवजी नळीत घट्ट बसणारी लाकडी काडी घालून बारीक दात्यांच्या करवतीने कापावे आणि आतली कड हलक्या हाताने साफ करावी.

सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून पितळी सळईची नळी करून घेण्याचा विचार आकर्षक वाटतो. परंतु ७ मिमी सळईतून ०.३ मिमी भिंत राखायची, तर सुमारे ८४ टक्के पितळ चुऱ्यात जाते, आणि इतकी पातळ भिंत यंत्रावर थरथरते. किट न वापरता स्वतःच्या मापाचे पेन घडवायचे असेल, तेव्हाच हा खर्च योग्य.

लांब नळी घ्यायचे ठरले, तर आधी एक मीटरच मागवावी. ती आल्यावर दोन्ही टोकांचा आतला व्यास व्हर्निअरने मोजावा, आत उभा सांधा नाही ना हे उजेडात पाहावे आणि लाकूड चिकटवण्यापूर्वी एका कोऱ्या तुकड्यात किटचे सगळे भाग दाबून पाहावेत.